जुन्या गाडीचे हेडलाइट मंद झालेत? बल्ब बदलण्याआधी व्होल्टेज मोजा

जुन्या गाडीचा उजेड कमी झाला की बहुतेकांचा हात आधी बल्बकडे जातो. दुकानदार साठ-पंचावन्न वॅटच्या जागी शंभर-नव्वद वॅटचा बल्ब काढून देतो, काही दिवस बरे वाटते, आणि मग एखाद्या रात्री होल्डर वितळतो किंवा स्टिअरिंगखालचा स्विच जळतो. बिचाऱ्या बल्बाचा दोष क्वचितच असतो. बॅटरीतून निघालेले व्होल्टेज वाटेत कुठेतरी गळत असते. ती गळती मोजून शोधता येते, आणि शोधली की दुरुस्ती बहुतेक वेळा स्वस्तात होते.

हा लेख मारुती ८००, प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर आणि त्यांच्या पिढीतल्या गाड्यांसाठी आहे. ८०० आणि अॅम्बेसेडर या दोन्हींचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्याही कितीतरी आधी. म्हणजे यांतल्या सर्वांत तरुण गाडीच्या वायरिंगनेही दहाहून अधिक पावसाळे सोसले आहेत. कोकणात दमट, खारट हवा आणि घरोघरचे उंदीर यांची त्यात भर पडते. घाटात धुके उतरले असताना दिवे निम्म्याने मंद असणे ही गैरसोय नाही, धोका आहे. म्हणून या कामाला आळस करू नये.

व्होल्टेज थोडे पडले की उजेड फार पडतो

एच४ हॅलोजन बल्बात दोन फिलामेंट असतात: अप्परची ६० वॅट, डिपरची ५५ वॅट. म्हणजे १२ व्होल्टवर एका बल्बाला साधारण साडेचार ते पाच अँपिअर करंट लागतो, दोन्ही दिव्यांना मिळून दहाच्या आसपास. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज ५ टक्के घटले की उजेड सुमारे १६ टक्के घटतो, आणि १० टक्के घटले की ३० टक्के. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आहेत आणि बल्बावर ११.५ पोहोचतात असे समजा. सव्वादोन व्होल्ट गेले म्हणून कोणी घाबरत नाही, पण उजेड जवळजवळ निम्मा झालेला असतो. नवा बल्ब घातला तरी त्याला तेच साडेअकरा व्होल्ट मिळणार.

हे व्होल्टेज जाते कुठे? बहुतेक जुन्या ८००, पद्मिनी आणि अॅम्बेसेडरमध्ये हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट तोडजोड करणारा स्विच, नसतो. बॅटरीतून निघालेला सगळा करंट फ्यूजमधून, लाइटच्या स्विचमधून, डिपर स्विचमधून आणि मग पुढच्या कपलरपर्यंत, म्हणजे बल्बाच्या मागे बसणाऱ्या प्लगपर्यंत, लांबचा फेरा मारून येतो. परतीची वाट बॉडीतून, म्हणजे अर्थमधून. या वाटेवरच्या प्रत्येक जोडावर थोडा गंज, थोडा काळेपणा, थोडा ढिलेपणा साठतो. अॅम्बेसेडरच्या पायाने दाबायच्या डिपर स्विचचे तर विचारूच नका. तो चक्क फ्लोअरवर बसवलेला असतो, बुटांचा चिखल आणि झिरपलेले पाणी थेट त्याच्यावर.

पद्मिनीच्या काळातल्या अनेक गाड्यांत मुळात ४५/४० वॅटचे, पी४५टी बुडाचे साधे बल्ब असत. त्या वायरिंगवर एच४ चढवला की डिपरचा करंट तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतो. आणि शंभर-नव्वदचा जोड लावला तर अप्परवर सोळा अँपिअरच्या वर जातो. वायर, स्विच आणि होल्डर त्यासाठी बनवलेलेच नाहीत.

आधी गाडीसमोर उभे राहून बघा

हत्यार हातात घेण्याआधी कोणाला तरी आत बसवून अप्पर-डिपर करायला सांगा. नुसत्या बघण्याने अर्धे काम होते.

दोन्ही दिवे अप्पर-डिपर दोन्हींवर बंद असतील तर दोष सामाईक वाटेत आहे: मुख्य फ्यूज किंवा लाइटचा स्विच. अप्पर लागतो पण दोन्ही डिपर बंद असतील तर डिपर स्विचवर संशय घ्या, पण त्याआधी दोन्ही बल्ब काढून बघा. डिपर जास्त वापरात असल्याने त्याची फिलामेंट आधी जाते. एक गेली तरी मालकाच्या लक्षात येत नाही, दुसरी गेल्यावर येते, आणि मग दोन्ही एकदम गेल्यासारखे वाटते. एकच दिवा पूर्ण बंद असेल तर बल्ब, कपलर, अर्थ आणि त्या बाजूचा वेगळा फ्यूज असल्यास तो, या क्रमाने जा. खड्ड्यात गाडी आदळली की दिवा लुकलुकत असेल तर जोड ढिला आहे. इंजिनच्या वेगाबरोबर उजेड कमी-जास्त होत असेल तर चार्जिंगकडे बघा. डायनॅमोवाल्या जुन्या गाडीत आयडलिंगला दिवे मंद होणे हा त्या यंत्राचा स्वभावच आहे, त्यावरून वायरिंगला दोष देऊ नका.

एक लक्षण मात्र भल्याभल्यांना चकवते. डिपर लावला की उजवा दिवा नीट, डावा मात्र तांबूस आणि अगदी मंद, त्यात दोन्ही फिलामेंट थोड्या थोड्या पेटलेल्या, आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा अंधूक लागलेला. असे दिसले तर डाव्या दिव्याची अर्थ तुटली आहे असे समजायला हरकत नाही. डिपरच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला अर्थ सापडत नाही, म्हणून तो त्याच बल्बातल्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा निघतो, अप्परच्या वायरने उजव्या दिव्याकडे जातो आणि त्याच्या अप्परच्या फिलामेंटमधून, शिवाय वाटेत निळ्या दिव्यातून, अर्थ गाठतो. तीन फिलामेंट एकामागोमाग जोडल्यासारख्या झाल्या, म्हणून सगळेच मंद. या एका लक्षणावरून लोकांनी विनाकारण कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगखालचा लाइट-डिपरचा एकत्र स्विच) बदलल्याचे मी पाहिले आहे.

लागणारे सामान

डिजिटल मल्टिमीटर, साधा अगदी स्वस्तातला चालेल. १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. एलईडीचा टेस्टर या कामाला नको, कारण गंजलेल्या जोडातून आलेल्या नाममात्र करंटवरही तो लख्ख पेटतो आणि फसवतो. याशिवाय पॉलिश पेपर, बारीक वायर ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, व्हॅसलीन, क्रिम्पिंगची पक्कड, हीट श्रिंक स्लीव्ह आणि बॅटरीपासून दिव्यापर्यंत पोहोचतील अशा दोन-तीन मीटरच्या लांब प्रोब वायरी.

जोड सोडायचे किंवा वायर कापायची असेल तेव्हा बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा, लावताना ते शेवटी लावा. हातातली अंगठी, कडे, धातूचे घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर पान्हा आणि अंगठी एकदम टेकली तर बोट भाजते. इंजिन चालू ठेवून मोजणी करताना गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि ओढणी किंवा सैल बाही पंख्यापासून लांब. इलेक्ट्रिक पंखा इंजिन तापले की सांगून येत नाही. हॅलोजन बल्बाच्या काचेला उघड्या बोटांनी शिवू नका. बोटांचे तेल तापून काच तिथेच खराब होते. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसून घ्या.

मोजणी: दिवा पेटलेला असतानाच

सर्वांत मोठी फसगत इथे होते. कपलर बल्बातून काढतात, त्यात मीटर लावतात, १२.४ दिसतात, आणि वायरिंग ठीक आहे असा निर्णय देतात. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडावर काहीच गळत नाही. तोच जोड बल्बाचे साडेचार अँपिअर वाहू लागला की ०.३ ओहमच्या अडथळ्यावर सव्वा-दीड व्होल्ट जातात. आणि ०.३ ओहम इतका छोटा अडथळा साध्या मीटरच्या ओहम रेंजवर भरवशाने दिसतही नाही. म्हणून बल्ब जागेवर, दिवा पेटलेला आणि मीटर व्होल्टवर, असेच मोजायचे.

१. आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत, सगळे बंद असताना, १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ असतील तर ती निम्मी उतरली आहे, आधी चार्ज करा. मग इंजिन चालू करून थोडा रेस देऊन मोजा: १३.८ ते १४.४. साडेतेराच्या बरेच खाली असेल तर अल्टरनेटर किंवा बेल्ट बघा. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे, आणि तुमचे बल्ब वरचेवर का उडतात त्याचे उत्तर तेच.

२. डिपर लावा. कपलरच्या मागच्या बाजूने प्रोब आत सरकवून बल्बाच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजा, आणि लगेच बॅटरीवरचे. दोन्हींतला फरक म्हणजे एकूण गळती. एक व्होल्टच्या आत असेल तर रिले नसलेल्या जुन्या गाडीला मी पास करतो. दीडच्या वर असेल तर दुरुस्ती टाळू नका.

३. आता गळती कोणत्या बाजूला आहे ते वेगळे करा. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबावर, दुसरी बल्बाच्या अर्थच्या पिनवर. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब. मग एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी बल्बाच्या डिपरच्या पिनवर. इथे दिसेल ती पॉझिटिव्ह वाटेतली गळती. हेच अप्परवर पुन्हा करा आणि दोन्ही दिव्यांवर करा. आकडे कागदावर लिहा.

४. पॉझिटिव्ह बाजूला गळती असेल तर बॅटरीवरची वायर तिथेच ठेवून दुसरी एकेक टप्पा पुढे न्या: फ्यूजमध्ये येणारी बाजू, फ्यूजमधून निघणारी बाजू, लाइट स्विचमध्ये येणारी, निघणारी, डिपर स्विचमधून निघणारी, कपलर. जिथे आकडा एकदम उडी घेतो, तिथे दोष. ०.१, ०.१५, ०.२ आणि मग अचानक १.१ आला, तर त्या दोन टप्प्यांच्या मधलाच भाग उघडा. बाकी गाडीला हात लावायची गरज नाही.

एक गोष्ट आधी तपासून घ्या. जपानी घडणीच्या काही गाड्यांत उलटी जोडणी असते: बल्बाच्या सामाईक पिनवर कायम पॉझिटिव्ह येतो आणि डिपर स्विच अर्थच्या बाजूने तोडजोड करतो. ओळखायला सोपे आहे. दोन्ही दिव्यांचे कपलर काढा, दिवे लावा, टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावून एका कपलरच्या तिन्ही पिनांना टेकवा. डिपरवर एक आणि अप्परवर दुसरी पिन जिवंत होत असेल तर नेहमीची जोडणी. अप्पर-डिपर केले तरी तीच एक पिन जिवंत राहत असेल तर उलटी. अशा गाडीत अर्थच्या बाजूची गळती स्विचमध्येही असू शकते, आणि वर सांगितलेले तांबूस दिव्याचे लक्षण दिसले तर त्या बाजूचा फ्यूज आधी बघा.

सापडलेला दोष कसा काढायचा

अर्थपासून सुरुवात करा, कारण सर्वांत जास्त दोष तिथेच निघतात. दिव्यामागची काळी वायर जिथे पत्र्याला स्क्रूने लावली आहे तो स्क्रू काढा. खाली रंग, गंज किंवा टिंकरिंग करताना मारलेली पुट्टी सापडेल. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बदला, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन. व्हॅसलीन जोडाच्या आधी नाही, नंतर. पुढचा पत्राच गंजून जाळी झाला असेल तर दोन्ही दिव्यांच्या अर्थ एकत्र करून २.५ चौरस मिलिमीटरची एक नवी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला आणा. बॅटरी-बॉडी आणि बॉडी-इंजिन या पट्ट्याही बघा. दिवे लावल्यावर वायपर आणि हॉर्नही मरगळत असतील तर या पट्ट्याच जबाबदार असण्याची शक्यता मोठी.

कपलर ओढून काढा आणि नीट निरखा. प्लॅस्टिक तपकिरी, मऊ पडलेले किंवा वितळलेले आहे? आतली पितळी टर्मिनल काळी-निळी झाली आहेत? एकदा तापलेल्या टर्मिनलचा ताण जातो, ते पिनेला घट्ट धरत नाही, म्हणून पुन्हा तापते. ते घासून उपयोग नाही, बदलाच. सिरॅमिकचे एच४ होल्डर ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात सहज मिळतात. जोडताना हिरवट-काळी पडलेली तांब्याची वायर मागे कापत जा, चमकदार तांबे लागेपर्यंत. मग क्रिम्प करा आणि वर स्लीव्ह तापवून बसवा. वायर पिळून त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळणे हे दुरुस्तीचे काम नाही. कोकणच्या एका पावसात टेप सुटतो आणि आत पाणी शिरते.

फ्यूजकडेही लक्ष द्या. पद्मिनीसारख्या गाड्यांतल्या टोकदार टोकांच्या फ्यूजना स्प्रिंगच्या पट्ट्या धरतात. पट्टी ढिली किंवा हिरवी पडली की फ्यूज शाबूत असूनही दिवा मंद. फ्यूज काढून दोन्ही टोके आणि पट्ट्या घासा, पट्ट्या किंचित आत वाकवा. त्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर आजच्या आज काढून टाका.

कॉम्बिनेशन स्विचमध्ये गळती सापडली तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून अप्पर-डिपर भरपूर वेळा करा, मग पुन्हा मोजा. स्विच उघडायचा विचार असेल तर पांढऱ्या कापडावर उघडा. आतल्या बारीक गोळ्या आणि स्प्रिंगा उडतात आणि गाडीच्या कार्पेटमध्ये त्या सापडत नाहीत. कॉन्टॅक्टला खड्डे पडले असतील तर नवा स्विच घ्या. पण नवा घेतलात तर खाली सांगितलेला रिलेही बसवा. नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर

मोठा फ्यूज घालणे म्हणजे वायरला आग लावायची परवानगी देणे. त्याऐवजी दोन्ही हेडलाइट बल्ब काढा, आणि उडालेल्या फ्यूजच्या दोन टोकांना वायरने ६०/५५चा एक जुना बल्ब जोडा. हा बल्ब करंटला पाच अँपिअरच्या आसपास अडवतो, त्यामुळे काही जळत नाही. दिवे लावा. हा बल्ब लख्ख पेटला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. आता वायरिंग हाताने हलवत जा, कपलर एकेक सोडत जा. ज्या क्षणी बल्ब विझेल तिथे दोष सापडला. त्याच फ्यूजवर पार्किंगचे दिवे असतील तर बल्ब अंधूक लागेल, ते आधी सोडवा. शॉर्टची नेहमीची ठिकाणे: पत्र्याच्या धारदार भोकातून जाणारी, रबराचा ग्रोमेट गळालेली वायर, दिव्याच्या डब्याची मागची कड, आणि उंदराने कुरतडलेला हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा. गाडी आठवडाभर उभी राहत असेल तर बॉनेट उघडून गवत, कापूस, शेंगांची टरफले दिसतात का ते बघा.

रिले

वायरिंग निरोगी केल्यावरही गळती एक व्होल्टच्या आसपास रेंगाळत असेल, तर रिले हा खरा इलाज. अप्परला एक आणि डिपरला एक. जुन्या वायरिंगला मग फक्त रिलेची कॉइल चालवायची असते, म्हणजे पाव अँपिअरही नाही. स्विच आयुष्यभर टिकतो.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर काढा आणि टर्मिनलपासून वीतभराच्या आतच २० अँपिअरचा फ्यूज घाला. ती दोन्ही रिलेंच्या ३० नंबरच्या पिनला (पिनांचे नंबर रिलेवरच लिहिलेले असतात). ८७ मधून निघून दोन्ही दिव्यांच्या नव्या होल्डरला, तीही शक्यतो २.५ची. अशा तीन मीटर वायरवर दहा अँपिअरला पाव व्होल्टसुद्धा जात नाही. होल्डरची अर्थ बॅटरीपर्यंत नवी आणा. कॉइलसाठी एका बाजूचा जुना कपलर वापरा: त्याची सामाईक पिन दोन्ही रिलेंच्या ८५ला, डिपरची पिन एका रिलेच्या ८६ला, अप्परची दुसऱ्याच्या ८६ला. अशी जोडणी केली की गाडी नेहमीच्या जोडणीची असो वा उलट्या, रिले चालतोच. फक्त आत डायोड असलेला रिले घेऊ नका. दुसऱ्या बाजूचा जुना कपलर टेप लावून बंद करून ठेवा. रिले उंचावर, टर्मिनल खाली तोंड करून बसवा म्हणजे पाणी आत साचत नाही.

एलईडीचा बल्ब आणून हे सगळे टाळता येईल का, असे विचारतात. एच४च्या फिलामेंटसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बहुतेक एलईडी बल्बांचा उजेड विस्कटतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. अरुंद रस्त्यावर, घाटाच्या वळणावर तो माणूस तुमच्याच अंगावर येतो. पूर्ण व्होल्टेज मिळालेला चांगला ६०/५५ पुरेसा असतो. रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडला असेल तर मात्र कोणताही बल्ब उपयोगाचा नाही, तिथे डोमच, म्हणजे रिफ्लेक्टर आणि काचेसह पूर्ण दिवाच, बदला.

काम झाले की दिवे ऍडजस्ट करा. सपाट जागेवर, टायरमध्ये हवा बरोबर भरून, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा. ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसलेले हवे. डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. आपल्याकडे डाव्या बाजूने गाडी चालते, म्हणून ती कड डावीकडे वर चढते. उजवीकडे चढत असेल तर डोम चुकीच्या देशाचा आहे.

मग डिपर लावून पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवा. इंजिन बंद करून प्रत्येक कपलर, फ्यूज आणि रिले हाताने चाचपा. कोमट चालेल. हात मागे घ्यावासा वाटला तर तो जोड पुन्हा उघडा. शेवटी दोन्ही बल्बांवरचे व्होल्टेज पुन्हा मोजा आणि तारखेसह कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. दर पावसाळ्यानंतर तेच आकडे पुन्हा घ्या. अर्ध्या व्होल्टचा फरक पडला की सुरुवात अर्थपासून.